डाव्या पायाचं काय करायचं?

शोरूममधला मुलगा म्हणाला, "काका, आता डावा पाय विसरून जायचा. तो इकडे बाजूला ठेवून द्या, त्याला काही काम नाही."

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने पाय काढून डिकीत ठेवायला सांगितलं होतं.

गेल्या वर्षी त्यांचा डावा गुडघा बदलला. वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली नाही, पण क्लचची कवायत नको म्हणाले. घरात सभा भरली. भाऊ म्हणाला ड्रायव्हर ठेवू, आई म्हणाली रिक्षा काय कमी आहेत का, आणि अण्णांनी दोघांचं नीट ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून टेस्ट ड्राइव्ह ठरवली. अशी आमच्या कराडच्या घरी पहिली बिनक्लचची गाडी आली.

तिसऱ्याच दिवशी मंडईतून परत येताना समोर शेळी आली. गाडी हळू करताना अण्णांच्या पायाने सवयीने क्लच दाबला. क्लच तिथे नव्हताच. होता तो ब्रेक, आणि ऑटोमॅटिक गाड्यांचा ब्रेक चांगला रुंद असतो, डाव्या पायालाही सहज सापडेल असा. क्लचला सरावलेला पाय अर्ध्यावर थांबत नाही, एका दमात तळाला जातो. हळुवार दाबायचं शिक्षण फक्त उजव्याचं झालेलं असतं. गाडी गच्चकन जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवर आईच्या पिशवीत दुधी भोपळा होता, तो दोन सीटांच्या मधून घरंगळत थेट गिअरच्या दांड्याला येऊन टेकला. शेळी शांतपणे निघून गेली.

"आता हाच टाकेल गिअर," आई म्हणाली.

तेव्हापासून अण्णा डावा पाय मागे ओढून सीटखाली दडवून ठेवतात. पण मी शेजारी बसले की माझं लक्ष तिकडे जातंच. चढ लागला, इंजिनचा आवाज जड झाला, की त्यांची टाच जमिनीवरून किंचित उचलली जाते आणि पुन्हा टेकते. गुडघा नवा आहे, धातूचा आहे, त्याने आयुष्यात एकदाही क्लच दाबलेला नाही. तरी टाच उचलते.

गिअरच्या गाडीचं एवढं काय, असं मला ऑफिसातली मुलं विचारतात. माझी गाडी दहा वर्षं जुनी, पाच गिअरांची. मॅन्युअलच्या बाजूने बोलणारे लोक साधारणपणे 'कंट्रोल' हा शब्द वापरतात. मला तो पटत नाही. संध्याकाळी सहा वाजता सिंहगड रोडवर कुणाचा कशावर कंट्रोल असतो? गाडी पळवण्याची मजा म्हणाल, तर मी पळवत नाही, माझ्या मागचे लोक हॉर्न वाजवतात. मला वाटतं गोष्ट हाताची नाही आणि पायाचीही नाही, ती कानाची आहे. गिअरच्या गाडीत तिच्यावर किती ओझं पडलंय हे ऐकू येतं, आणि ऐकू आलं की आपल्याला काहीतरी करावं लागतं. ऐकून सोडून देता येत नाही. सोडून दिलं तर ती बंद पडते.

हे ऐकणं मी ज्या गाडीत शिकले ती १९८२ च्या मॉडेलची प्रीमियर पद्मिनी. अण्णांनी ती १९९१ मध्ये सेकंडहँड घेतली. सायीच्या रंगाची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, चार सिलिंडरचं १०८९ सीसी इंजिन. कागदोपत्री पद्मिनी, पण आमच्या घरात आणि गल्लीत तिला कुणीही कधीही फियाटशिवाय दुसरं काही म्हटलं नाही. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. पद्मिनी हे बारसं इथलं. (तिच्या आधीच्या गोलमटोल मॉडेलला तर सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणायचा. एवढ्या प्रेमाने दुसऱ्या कुठल्या गाडीला डुक्कर म्हटलं गेलं असेल असं वाटत नाही.)

तिचा गिअर खाली नव्हता, स्टेअरिंगला होता. चाकाच्या मागून डावीकडे बाहेर आलेली एक बारीक दांडी. जमिनीवरच्या गाड्यांत जो इंग्रजी एच आडवा पसरलेला असतो, तो इथे भिंतीला टांगल्यासारखा उभा. दांडी खाली नसल्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग होती आणि तिथे अण्णा, भाऊ आणि मी असे तिघं बसायचो. मागे आई, आजी, कधी आत्या, कधी आत्याची मुलं. सीटबेल्ट हा शब्द आम्हाला माहीतच नव्हता. आज विचार केला तर अंगावर काटा येतो, पण तेव्हा मधली जागा म्हणजे सिंहासन होतं, कारण तिथून अण्णांचा डावा हात अगदी नाकासमोर दिसायचा.

दर मे महिन्यात आम्ही चिपळूणला आजोळी जायचो. कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट. हेळवाकच्या पुढे अण्णा म्हणायचे, "चला, आता गप्पा बंद." आम्हाला वाटायचं घाटाची भीती वाटते म्हणून. खरं कारण पुष्कळ पुढे कळलं. पद्मिनीला इंजिनचे फेरे दाखवणारा काटा नव्हता. इंजिन किती जोरात फिरतंय, दमलंय का, हे सांगणारं एकच यंत्र गाडीत होतं, अण्णांचे कान. त्यात मागच्या सीटवर आत्या लग्नातले मानपान सांगत असली की ते यंत्र बिघडायचं.

जाताना घाट उतरायचा असतो. अण्णांचा नियम सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचा असतो तोच: ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाड्या सोडणारे ट्रकवाले दिसले की ते गाडी बाजूला घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचे, वर कपाळाला हात लावायचे. उतारावर गिअर अडकवलेला असला की उलटा कारभार होतो. एरवी इंजिन चाकांना फिरवतं, इथे चाकं इंजिनला फिरवायला बघतात आणि इंजिन त्यांना सहजासहजी दाद देत नाही. तो आवाज वेगळा असतो, तक्रारीचा, नाकातून काढल्यासारखा. पण तेवढा वेळ ब्रेकला विश्रांती मिळते. सतत दाबलेले ब्रेक तापतात, आणि फार तापले की पाय दाबूनही धरत नाहीत. पोफळीला खाली उतरलो की कुठल्यातरी ट्रकच्या चाकांमधून जळक्या लायनिंगचा वास येतच असायचा. त्या वासाने आम्ही ओळखायचो, कोकण आलं.

येताना मात्र चढ. आणि येताना गाडीत आंब्याच्या दोन पेट्या, एक फणस, कोकमं, आमसुलं, आजीने दिलेली कुळथाची पिशवी. भावाचा आणि माझा एक खेळ होता. गाडी तिसऱ्या गिअरात चढायला लागायची. आधी छान एकसुरी गुंजन. मग वळण यायचं, सूर खाली यायचा, घशात कफ अडकल्यासारखा खरखरायचा, आणि कुठल्यातरी एका क्षणाला अण्णांचा डावा हात चाकावरून सुटून दांडीकडे जायचा. त्या क्षणाच्या बरोबर आधी "आत्ता!" म्हणायचं. जो बरोबर म्हणेल तो पुढच्या वळणापर्यंत खिडकीत. फार लवकर म्हटलं तर बाद, हात हलल्यावर म्हटलं तरी बाद. दोन-तीन मे महिन्यांत आम्ही एवढे तयार झालो की दोघंही एकदमच ओरडायचो आणि खिडकीवरून भांडण व्हायचं. आम्ही गाडी चालवायला शिकतोय हे आम्हाला माहीत नव्हतं. अण्णांनाही नसावं.

घाटमाथ्याच्या अलीकडे कधीतरी गाडी आचके देत थांबायचीच. उन्हाने आणि इंजिनच्या धगीने पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असायची. मग बॉनेट उघडायचं, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं घालायचं आणि अर्धा तास करवंदं खायची. हा भाग मला गाडीतला सगळ्यात चांगला गुण वाटायचा.

अण्णा गाडी शिकले होते ट्रकवर. बँकेत नवीन लागले तेव्हा एका खातेदाराच्या ट्रकड्रायव्हरने त्यांना रविवारी रविवारी शिकवलं. त्यामुळे त्यांच्या पायाला डबल क्लचची सवय होती. आजच्या वाचकाला हे सांगायला हवं, कारण आता ते कुणी शिकवत नाही. गिअर बदलणं म्हणजे वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवणं. चालत्या एसटीत चढण्यासारखं आहे ते. उभ्या उभ्या दांडा पकडायला गेलात तर हात उखडेल. आधी बसच्या बरोबरीने पळावं लागतं, दोघांचा वेग एक झाला की मग पाय वर. आताच्या गाड्यांत ही बरोबरीने पळण्याची धावपळ गिअरबॉक्समधली एक कडी आपोआप करते. तिला सिंक्रोमेश म्हणतात. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅकने ती पहिल्यांदा आणली. पण आपल्याकडच्या अनेक जुन्या ट्रक-बसमध्ये ती नव्हती, तेव्हा पळायचं काम ड्रायव्हरच्या पायाला. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून एक्सलेटरला हलकी टिचकी, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. हे सगळं एका वळणाच्या आत. टिचकी कमी पडली तर आतून दळण दळल्यासारखा आवाज यायचा आणि आख्खी बस ड्रायव्हरकडे बघायची.

पद्मिनीच्या वरच्या तीन गिअरांना ही कडी होती, पहिल्याला नव्हती. पहिला टाकायचा तर गाडी पूर्ण थांबवा, नाहीतर डबल क्लच. भरल्या गाडीने उभ्या चढाच्या वळणावर थांबणं अण्णांना पसंत नव्हतं. मग त्यांचा पाय ट्रकवरची ती जुनी दोनदा दाबण्याची चाल चालायचा आणि पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडायचा. आत्या तेवढ्यापुरती गप्प व्हायची. तिला कळायचं काहीच नाही, पण काहीतरी नीट झालं एवढं आम्हा सगळ्यांनाच जाणवायचं.

ही गाडी २००४ मध्ये भंगारात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा अण्णांनी मला फोन करून बातमी वाचून दाखवली. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून गेली. वाचून झाल्यावर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आपलीनंतर एकोणीस वर्षं चालली की." आपलीनंतर. जणू गाडी एकच होती.

मी शिकले १९९७ मध्ये. भावाला मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं होतं, तिथल्या मारुतीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असायचे. मी मात्र हट्टाने अण्णांकडे शिकले, म्हणजे आमच्याच गाडीवर, आणि चुकलं तर वाचवायला दुसरा क्लच नाही. जागा ओगलेवाडीकडे जाणारा स्टेशनचा रस्ता, वेळ पहाटे साडेपाच. गाडी बेडकासारख्या उड्या मारत पाच फूट जायची आणि मरायची. अण्णा चिडायचे नाहीत. समजावूनही सांगायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "हं. न्यूट्रल. चावी." पुन्हा उडी, पुन्हा शांतता. "हं. न्यूट्रल. चावी." एकदाच जास्त बोलले ते असं: "पाय वर घे, पण तिला सांगून घे." मी विचारलं, सांगून म्हणजे? तर म्हणाले, "ती हो म्हणेपर्यंत थांब."

आणि खरंच एक जागा असते. क्लच वर येत येत एका ठिकाणी गाडीचं नाक किंचित उचललं जातं, आवाज अर्धा सूर खाली बसतो, सीटला बारीक थरथर येते. ती हो म्हणते. तिथे पाय थांबवायचा, हाफ क्लच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे दोन शब्द दिवसभर ओरडून सांगतात, पण ओरडून कळत नाहीत, कारण ती जागा दिसत नाही आणि दुसऱ्याच्या पायाने सापडत नाही. प्रत्येक गाडीची वेगळी असते, आणि क्लच प्लेट झिजत जाईल तशी सरकत जाते. पोहणं आणि सायकल यांच्यासारखी ही विद्या आहे. एकदा अंगात शिरली की आपल्याला ती कधी येत नव्हती हे आठवतच नाही.

मग काडेपेटी. चढावर गाडी थांबवून अण्णांनी मागच्या चाकाला टेकवून काडेपेटी ठेवली आणि येऊन बसले. हँडब्रेक सोडायचा, गाडी पुढे न्यायची, एक बोटभरही मागे येता कामा नये. आली तर काडेपेटीचा चुरा. पहिल्या दिवशी तीन काडेपेट्या गेल्या. आईने दुसऱ्या दिवसापासून देवाजवळची काडेपेटी कपाटात कुलूप लावून ठेवली. चौथ्या दिवशी अण्णा उतरून मागे गेले, वाकले आणि काडेपेटी हातात घेऊन खुळखुळवत आले. ती त्यांनी खिशात टाकली आणि म्हणाले, "चल, आता बाजारातून घे." मला आठवतंय, त्या दिवशी भाजीवाल्यांच्या गर्दीतून फियाट काढताना जो घाम आला तो बारावीच्या पेपरलाही आला नव्हता.

एवढं सगळं लिहून झाल्यावर आईचं म्हणणं न लिहिणं अन्यायाचं होईल. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने आयुष्यात एकही गिअर टाकलेला नाही. लग्नानंतर काही वर्षांनी तिने लुना घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिच्यावरून शाळेत गेली. वाण्याचं सामान, आम्हा दोघांचे दवाखाने, आजीची पेन्शन, सगळं त्या लुनावर. पेडल मारा, कान पिळा, जा. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. अण्णांची फियाट वर्षातून दहा-बारा वेळा घराबाहेर पडायची, लुना रोज. आमच्या घरातलं खरं वाहन कोणतं हे सांगायला नकोच.

महाराष्ट्रातल्या बायकांसाठी गिअर नसणं ही फार मोठी गोष्ट होती, हे मला पुण्यात आल्यावर नीट कळलं. मामाची बजाज चेतक मी एकदा चालवून पाहिली होती. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ पिळून गिअर, दुसरा टाकायला गेलं की न्यूट्रल सापडायचा, आणि स्टँडवर लावायला मामाचंच वजन हवं. मग १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, किकसुद्धा मारायची गरज नाही, बटण दाबा. त्यानंतर तिच्या जातीच्या कितीतरी आल्या. तोंडाला स्कार्फ बांधून पुणंभर फिरणाऱ्या मुलींचा जो बिनधास्तपणा लोकांना खटकायचा किंवा आवडायचा, तो याच गाड्यांवर पोसला गेला. दुचाकीवरून गिअर गेला तेव्हा आमच्यापैकी कुणीही हळहळलं नाही. मीही नाही. आता चारचाकीचा जातोय तर मी कानाच्या नि पायाच्या गोष्टी सांगते आहे, यात थोडा ढोंगीपणा आहे हे मला मान्य आहे.

एकदा अण्णा कुंभार्लीच्या आठवणी रंगवून सांगत होते, दुसरा केव्हा टाकला, पहिला कसा पडला. आईने वाटाणे सोलता सोलता मान वर केली. "तुम्ही गाडी बघत होता," ती म्हणाली. "घाट मी बघत होते."

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शहरात तर मॅन्युअलची बाजू आणखीच लंगडी पडते. चांदणी चौकापासून घरापर्यंत मी किती वेळा क्लच दाबते ते एकदा मोजायला घेतलं होतं, दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. मांडीत गोळे येतात. मेकॅनिककडे क्लच प्लेट बदलायला गेलं की तो जुनी प्लेट हातात घेऊन निरखतो आणि म्हणतो, "मॅडम, सिग्नलला हाफ क्लचवर उभ्या राहता ना?" चांभाराने चपलेची झीज बघून चाल ओळखावी तसं ते असतं. लपवायला काही जागाच नाही.

तरी इतकी वर्षं आपल्याकडे गिअरच टिकला, आणि तो काही कुणाच्या कानासाठी टिकला नाही. ऑटोमॅटिक महाग, दुरुस्तीला अवघड, आणि "ॲव्हरेज किती देते?" या राष्ट्रीय प्रश्नाला तिच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत स्वस्तातला तोडगा आणला. गिअरबॉक्स तोच साधा, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात. अण्णांची नवी गाडी याच जातीची. म्हणजे क्लच तिच्यात आहे, फक्त पेडल नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ती क्षणभर थबकते आणि आतल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे डोलतात, कीर्तनाला बसल्यासारख्या. अण्णांना ते सहन होत नाही. "हिला कळतं, पण उशिरा कळतं," ते म्हणतात. गंमत अशी की आता ते तिला मदत करतात. गिअर बदलायची वेळ झाली असं कानाला वाटलं की एक्सलेटरवरचा पाय स्वतःहून किंचित हलका करतात, यंत्र तेवढ्यात गिअर बदलून घेतं आणि मान डोलत नाही. पन्नाशीच्या आत एवढं जमवलेला माणूस मी पाहिलेला नाही. शोरूममधल्या मुलालाही हे माहीत नसावं.

गिअर संपेल तो मात्र या गाड्यांमुळे नाही, विजेमुळे संपेल. विजेच्या मोटरला जागेवरूनच पूर्ण जोर असतो, तिला चार-पाच पायऱ्या लागत नाहीत. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. १ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेची बस, शिवाई, निघाली तीही पुणे-नगर अशीच. मी नंतर एकदा त्या बसने गेले. बस सुटली हे खिडकीबाहेरचा खांब हलला तेव्हा कळलं. कंडक्टरच्या मोबाइलमधलं भजन शेवटच्या सीटपर्यंत ऐकू येत होतं. ड्रायव्हरचा डावा हात मांडीवर निवांत पडलेला. लहानपणी बघितलेले ते लांबलचक, थरथरणारे दांडे आणि त्यांच्याशी कुस्ती खेळणारे घामेजलेले हात मला आठवले. या ड्रायव्हरची पाठ, खांदा, गुडघा पंचाऐंशीव्या वर्षीही धड राहो, असंच मनात आलं. त्या लोकांच्या गिअरबद्दल प्रेमाने लिहिणं मला सोपं आहे, मला दिवसाला तीनशे किलोमीटर तो ओढायचा नव्हता.

याच्या दुसऱ्या टोकाला ह्युंदाईची आयोनिक ५ एन. विजेची गाडी, गिअर नाहीत, पण बटण दाबलं की गिअर असल्याचं सोंग करते. खोटा आवाज, खोटा हिसका. नाटकातल्या जेवणासारखं, ताटं वाजतात, पोट भरत नाही. आपलं काही चुकलं म्हणून ती कधी घाटात बंद पडत नाही, मग ऐकायचं कशासाठी?

या मे महिन्यात माझ्या लेकीला अठरा पूर्ण झाली. तिला गाडी शिकायची होती, तिच्या वडिलांचं मत ऑटोमॅटिकवरच शिकवू असं होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. आम्ही कराडला गेलो तेव्हा तिने स्वतःच अण्णांना विचारलं, "आजोबा, तुम्ही शिकवाल?" अण्णांनी माझ्या गाडीची चावी मागितली. स्वतःच्या नाही.

लर्निंग लायसन्स खिशात, मागे-पुढे लाल एल. ओगलेवाडीचा रस्ता आता पहाटे साडेपाचलाही रिकामा नसतो, म्हणून एका नव्या प्लॉटिंगच्या आतल्या रस्त्यावर गेलो. मी मागच्या सीटवर, आईच्या जागी. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"हं," अण्णा म्हणाले. "न्यूट्रल. चावी."

चौथ्या सकाळी चढ. अण्णांनी खिशातून काडेपेटी काढून माझ्या हातात दिली. गुडघा नवीन झाल्यापासून त्यांना खाली वाकता येत नाही. मी उतरले, मागच्या चाकाला टेकवून ती ठेवली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. बाहेरून मला फक्त आवाज ऐकू येत होता. रेस वाढली. मग तो अर्धा सूर खाली बसला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, आणि मी न कळत म्हणाले, "आत्ता." काचेतून अण्णांचे ओठही हललेले दिसले. पण लेकीचा पाय जरा घाईने सुटला. आचका बसला, इंजिन मेलं, गाडी मागे आली.

मी वाकून काडेपेटी उचलली. पार चपटी झाली होती, काड्या रस्त्यावर पसरल्या होत्या. खिडकीजवळ जाऊन अण्णांना दाखवली.

त्यांनी खिशात हात घातला आणि दुसरी काढली.